तासांचा जंतू, महिन्यांचा जंतू

दवाखान्यात दोन प्रश्न वारंवार कानावर येतात. पहिला क्षयाच्या रुग्णाचा. "डॉक्टरसाहेब, दोन महिन्यांत खोकला गेला, अंगात ताकद आली, मंग अजून चार महिने गोळ्या कायले खायच्या?" दुसरा नवजात बाळाच्या आजीचा. "कालपासून बाळ दूध ओढत नाही. पण ताप तर नाही. परवा बाजाराच्या दिवशी आणलं तर चालंल का?"

एकाला वाटते औषध फार लांबले, दुसरीला वाटते घाई कशाला. दोघांचीही समजूत जिवावर बेतू शकते. गंमत अशी, की या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे जंतूच्या पोटातल्या स्वयंपाकघरात. जंतू किती वेगाने वाढतो, कधी थांबतो आणि औषधाला कसा चकवतो, हे एकदा समजले की गोळ्यांचा हिशेबही समजतो. म्हणून आज थोडे शास्त्र, पण आपल्या ओळखीच्या पंगतीच्या भाषेत.

पंगत आणि वाढपी

कोणत्याही सजीवाचा कारभार प्रथिनांवर चालतो. जंतूची भिंत बांधणारी, अन्न पचवणारी, विष तयार करणारी सारी यंत्रे प्रथिनांचीच असतात. ही प्रथिने वीस प्रकारच्या अमायनो आम्लांची माळ ओवून तयार होतात. माळेत कोणता मणी कोणत्या जागी यायचा, हे ठरलेले असते. एक मणी चुकला तर सारी माळ वाया जाऊ शकते.

लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घ्या. पानावर आधी मीठ, मग चटणी, कोशिंबीर, भाजी, वरण-भात, असा क्रम ठरलेला असतो. हातात यादी घेऊन कारभारी उभा असतो आणि एकेका वाढप्याला हाक मारतो. प्रत्येक वाढप्याच्या भांड्यात एकच पदार्थ. मीठवाल्याने भाजी वाढायची नाही, भाजीवाल्याने मीठ वाढायचे नाही.

पेशीतला हा कारभारी म्हणजे रायबोसोम. त्याच्या हातातली यादी म्हणजे जनुकावरून उतरवून घेतलेला निरोप. आणि नेमके एकच अमायनो आम्ल घेऊन येणारा वाढपी म्हणजे ट्रान्स्फर आरएनए. आपण त्याला टी-आरएनए म्हणू. हा रेणू अगदी लहान, साधारण ७५ ते ९० दुव्यांचा. असा कोणीतरी मध्यस्थ असला पाहिजे, हा तर्क फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ साली मांडला होता. पुढे तो प्रयोगशाळेत सापडला. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये यीस्टमधील एका टी-आरएनएची पूर्ण रचना उलगडून दाखवली. त्यांच्याबरोबर १९६८ चे नोबेल मिळालेल्यांत आपले हरगोविंद खुराना होते. त्याच खुरानांच्या चमूने १९७६ मध्ये टी-आरएनएचे एक जनुक प्रयोगशाळेत घडवले आणि ते जिवंत जंतूत घालून चालवूनही दाखवले.

वाढपी किती ठेवायचे?

पाहुणे पाचशे असतील तर वाढपी जास्त लागतात, घरचेच पंचवीस असतील तर दोघे पुरतात. जंतूही हाच हिशेब करतो. खायला भरपूर मिळाले की तो टी-आरएनए आणि रायबोसोम तयार करणारी जनुके जोरात चालवतो. प्रथिने भराभर तयार होतात आणि एकाचे दोन, दोनाचे चार होत जातात.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू पाहा. रायबोसोमसाठी लागणाऱ्या जनुकांचे त्याच्याकडे ७ संच आहेत आणि टी-आरएनएची सुमारे ८६ जनुके आहेत. प्रयोगशाळेत उत्तम खाद्य मिळाले तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे दहा तासांत तीस वेळा दुप्पट. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा, एका जंतूचे शंभर कोटींच्या वर जंतू होतात. शरीरात इतकी मोकळीक त्याला मिळत नाही, पण वेगाची कल्पना यावी.

आता क्षयाचा जंतू पाहा. रायबोसोमच्या जनुकांचा त्याच्याकडे एकच संच आहे आणि टी-आरएनएची जनुके ४५. त्याला दुप्पट व्हायला साधारण वीस तास लागतात. ई. कोलाय दहा तासांत गावच्या गाव वसवतो, तेवढ्या वेळात क्षयाचा जंतू एकाचा दोनही होत नाही. वेगाची कारणे आणखीही आहेत, पण लहान स्वयंपाकघर आणि संथ वाढ या गोष्टी एकमेकींशी जुळतात. ई. कोलाय हा तासांचा जंतू, क्षयाचा जंतू हा महिन्यांचा.

रिकामे भांडे आले की

आता खरी मेख. समजा पंगत ऐन रंगात आहे आणि आत भाजी संपली. भाजीवाला वाढपी रिकामे भांडे घेऊन कारभाऱ्यापुढे उभा राहिला. शहाणा कारभारी काय करील? आत निरोप पाठवील, की नवे वाढपी बोलावू नका, नव्या चुली पेटवू नका, आहे ते जपून वापरा.

जंतू अक्षरशः हेच करतो. एखादे अमायनो आम्ल संपले की त्याचा टी-आरएनए रिकाम्या हाताने रायबोसोमपाशी येतो. तिथे एक पहारेकरी प्रथिन बसलेले असते. रिकामा वाढपी दिसताच ते एक छोटा रासायनिक निरोप तयार करते. त्याचे नाव पीपी-जीपीपी. कॅशेल आणि गॅलंट या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये तो प्रथम पाहिला. चाचणीच्या कागदावर अचानक एक नवाच ठिपका उमटला, म्हणून त्याला 'जादूचा ठिपका' असे नाव पडले. हा निरोप पोचला की टी-आरएनए आणि रायबोसोम यांच्या जनुकांचे काम काही मिनिटांत मंदावते. ई. कोलायमध्ये तर असेही दिसले आहे, की उपासमार सुरू होताच आधी तयार असलेले बरेचसे टी-आरएनए मोडीत काढले जातात. बाजारच नाही तर बंड्या कशाला उभ्या ठेवायच्या?

काही जंतूंत तर हा रिकामा वाढपी स्वतःच आत जाऊन वर्दी देतो. हेन्किन आणि ग्रंडी यांनी १९९३ मध्ये मातीतल्या एका जंतूत हे दाखवले. भांडे भरणाऱ्या यंत्राचे जनुक चालू ठेवायचे की बंद, हे रिकामा टी-आरएनए त्या जनुकाच्या निरोपाला चिकटून ठरवतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची ही काटकसर पाहून थक्क व्हायला होते. आपल्या धानाच्या शेतकऱ्याला ती नवी वाटणार नाही. पाऊस लांबला की रोवणी थांबवून बियाणे जपायचे, हेच ते शहाणपण.

औषधाचा घाव कुठे बसतो?

आपण रोज लिहून देतो त्या अनेक औषधांचा घाव याच पंगतीवर बसतो. डॉक्सिसायक्लिन रायबोसोमच्या दारातच अडून बसते, त्यामुळे वाढपी पंगतीपर्यंत पोचतच नाही. झुडपी रानात, गवतात वावरणाऱ्यांना किड्याच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस हा ताप याच औषधाला चांगला दबतो. २०१८ च्या पावसाळ्यात या तापाने नागपूर आणि विदर्भात धास्ती घातली होती, हे वाचकांना आठवत असेल.

जेन्टामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन कारभाऱ्याची नजरच बिघडवतात. तो मीठाच्या जागी भाजीवाल्याला बोलावतो. चुकीच्या माळा तयार होतात, त्या जंतूच्या आवरणात बसून त्याला भोके पाडतात आणि जंतू लवकर मरतो. फोड-पुळ्यांवरचे मुपिरोसिन मलम आणखी आधीच्या पायरीवर काम करते. एका ठरावीक वाढप्याचे भांडे ते भरूच देत नाही.

माणसाच्या पेशीतला मुख्य रायबोसोम वेगळ्या घडणीचा असतो, म्हणून ही औषधे आपल्याला सोसतात. पण पूर्णपणे नव्हे. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांत जंतूसारखेच रायबोसोम असतात. म्हणून जेन्टामायसिनने कानाला इजा होऊ शकते, मूत्रपिंडालाही ते त्रास देते. लिनेझोलिड फार दिवस दिले तर रक्त आणि नसा बिघडतात. इंजेक्शनचा डोस वजनावर मोजून देतात तो याचसाठी. "एक सुई मारून द्या" असा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तासांचा जंतू : गडचिरोलीने दिलेला धडा

नवजात बाळाला जंतुदोष होतो तो बहुधा तासांच्या जंतूंमुळे. बाळाची प्रतिकारशक्ती कोवळी, जंतूची पंगत जोरात. सकाळी थोडे सुस्त दिसणारे बाळ संध्याकाळी हाती लागत नाही. परवाचा बाजाराचा दिवस त्याला दिसेलच याची खात्री कोणी द्यावी?

या घाईवर उपाय शोधला तो आपल्याच भागाने. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बाया बाळाला तपासत. जंतुदोषाची लक्षणे दिसली आणि आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर त्या जेन्टामायसिनचे इंजेक्शन आणि कोट्रायमोक्झाझोलचे औषध घरीच देत. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या गावांत हजार जन्मांमागे सुमारे ६२ बाळे महिन्याच्या आत दगावत होती, तो आकडा सुमारे २५ वर आला. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यू सुमारे १७ टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या खाली आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत मात्र बाळमृत्यूचा आकडा जवळपास होता तिथेच राहिला.

औषध तेच होते, जे जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळत होते. फरक पडला तो वेळेचा. जंतूच्या पंगतीने जोर धरण्याआधी औषध बाळापर्यंत पोचले. २०११ पासून आशा ताईंमार्फत देशभर नवजात बाळांच्या घरी भेटी सुरू झाल्या, त्यामागे गडचिरोलीचा हा अनुभव आहे. आशा ताई दारात आली की "बाळ झोपलंय" म्हणून परत पाठवू नका. बाळ जागे करून दाखवा.

महिन्यांचा जंतू : झोपेचे सोंग

आता क्षयाच्या गोळ्यांकडे वळू. १९४४ मध्ये जोसेफ बिगर या आयरिश डॉक्टरने एक विचित्र गोष्ट नोंदवली. पू निर्माण करणाऱ्या जंतूंवर त्याने पेनिसिलिन टाकले. जवळजवळ सारे मेले, पण दहा लाखांत एखादा जिवंत राहिला. त्या उरलेल्यांची पुन्हा वाढ केली, पेनिसिलिन टाकले, तर त्यांची पिलावळही पहिल्यांसारखीच मेली. म्हणजे त्या जंतूंना औषध पचवण्याची विद्या आली नव्हती. ते नुसते निपचित पडून होते. पेनिसिलिन भिंत बांधणाऱ्या जंतूला मारते, जो भिंत बांधतच नाही त्याला काय मारणार?

पंगत बंद करण्याचा जो निरोप आपण वर पाहिला, तो अशा झोपेमागच्या कारणांपैकी एक मोठे कारण मानला जातो. फुफ्फुसातल्या गाठीत क्षयाच्या जंतूला अन्न कमी, हवा कमी. अशा वेळी तो स्वयंपाकघर जवळपास बंद करतो. त्याच्याकडे तर स्वतःच्याच टी-आरएनएला कापणारी विषेही आहेत, ती वापरून तो पंगत आणखी मंद करू शकतो. हा निरोप तयार करणारे जनुक काढून टाकलेला क्षयाचा जंतू उंदराच्या शरीरात फार काळ तग धरू शकला नाही, असे प्रयोगांत दिसले. त्याचे दीर्घायुष्य झोपेत आहे.

म्हणून क्षयाच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे असतात. पहिल्या काही आठवड्यांत जागे जंतू मरतात. खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते, आणि माणसाला वाटते, झाले. पण झोपलेले शिल्लक असतात. त्यांतला एखादा अधूनमधून जागा होतो, त्या क्षणी रक्तात औषध हजर असले पाहिजे. पुढचे चार महिने म्हणजे रात्रीची राखण. पीक पिवळे झाले म्हणून रानडुकरांची राखण कोणी सोडतो का?

माझ्याकडे एक तरुण येत असे. तिसऱ्या महिन्यात गडी ठणठणीत झाला आणि मिरची तोडायला तेलंगणात निघून गेला. गोळ्या घरच्या खुंटीला टांगून ठेवल्या. सहा महिन्यांनी परतला तो थुंकीत रक्त घेऊन, आणि घरातला लहान मुलगाही खोकत होता. बापलेक दोघेही पुढे बरे झाले, पण वर्ष गेले आणि कर्ज झाले ते वेगळेच. तेंदूपत्ता, मिरची, वीटभट्टी, पोट हातावर असलेल्या माणसाला थांब म्हणणे सोपे नाही, हे मी जाणतो. म्हणूनच सांगतो, जायचे असेल तर जा, पण आधी उपचार केंद्रात सांगा. तुमची नोंद संगणकावर असते, ती दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही पाठवता येते आणि सरकारी केंद्रात औषध फुकट मिळते.

आणखी एक धोका आहे. झोपलेला जंतू आणि औषध पचवणारा जंतू हे दोन वेगळे. पण पहिला दुसऱ्याला वाट करून देऊ शकतो. जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये ई. कोलायवर प्रयोग करून दाखवले, की आधी झोपून तग धरणारे जंतू तयार होतात आणि मग त्यांच्यातूनच औषधाला खरोखर न जुमानणारे निपजतात. जो जिवंत राहिला त्यालाच नवी विद्या शिकायला वेळ मिळतो. असा क्षय झाला की औषधे जास्त, त्रास जास्त.

मग प्रत्येक गोळी लांबवायची का?

नाही. इथे अनेकांची गल्लत होते. तासांच्या जंतूंना बहुधा थोडे दिवस पुरतात. मुलांच्या साध्या न्यूमोनियाला पाच दिवसांचे औषध बऱ्याचदा पुरे होते. गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेतले तर पोटातले निरुपद्रवी जंतूही औषधाला सरावतात. दिवस किती, हे रोगावर ठरते. तुमच्या शेजाऱ्याला किती दिले होते, यावर नाही.

आणि सर्दी-पडसे, बहुतेक साधे ताप हे विषाणूंचे असतात. विषाणूकडे स्वतःची पंगतच नसते, तो आपल्या पेशीच्या पंगतीत घुसून जेवतो. जंतूंच्या पंगतीवर घाव घालणारे औषध त्याला काय करणार? किराणा दुकानातून दोन कॅप्सूल आणून खाणाऱ्याचे पैसे जातात आणि पोटातले जंतू शहाणे होतात, एवढाच त्याचा लाभ. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर समजा, हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही.

हे लक्षात ठेवा

महिन्याच्या आतले बाळ दूध ओढत नसेल, रडणे क्षीण झाले असेल, हातपाय ढिले पडले असतील, अंग गार किंवा तापलेले असेल, नाळेला पू असेल, किंवा मिनिटाला ६० वा जास्त श्वास घेत असेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला आशा ताईला बोलवा आणि दवाखाना गाठा. ताप नाही म्हणून थांबू नका. नवजात बाळाला जंतुदोषात ताप येतोच असे नाही.

दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचा श्वास मिनिटाला ५० वा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० वा जास्त असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, यांपैकी काही असेल तर थुंकी तपासा. कोळशाच्या खाणीत, दगड फोडण्याच्या किंवा धुळीच्या कामावर असणाऱ्यांनी तर टाळाटाळ करूच नये. गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅटसारख्या यंत्रावर क्षयाचे निदान काही तासांत होते आणि मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही कळते.

क्षयाच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, नजर अंधुक झाली, तर लगेच डॉक्टरला दाखवा. मनाने औषध बंद करू नका.

पोट भरलेले ठेवा. अर्धपोटी शरीरात क्षय बळावतो. उपचार चालू असताना पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात सरकारी मदत येते, ती नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला एक हजार रुपये झाली. ती खात्यात आली की नाही, हे केंद्रात विचारा आणि डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे यांवरच खर्च करा.

घरातल्या मोठ्या माणसांना एक विनंती. क्षयाचा रुग्ण बरा दिसू लागला की त्याला टोमणे बसतात, "आता कशाला रोज गोळ्या गिळतो?" तसे न करता रोज ठरल्या वेळी पाण्याचा पेला त्याच्या हातात द्या. सहावा महिना संपला आणि डॉक्टरने तपासून सांगितले, की मगच गोळ्या थांबवा.